कोपऱ्यातले बटण

बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत जाणाऱ्या प्रवाशाला तेथील शिलालेखांत एक नवल पाहावयास मिळते. फारुकी घराण्यातील राजा अली खान, म्हणजेच आदिलशाह, याने ही मशीद बांधविली. तिच्या बांधणीची हकीगत सांगणारा अरबी लेख तेथे असावा हे स्वाभाविकच आहे. परंतु त्याच वास्तूत देवनागरी अक्षरांत कोरलेला एक संस्कृत लेखही आहे. त्यात फारुकी राजांची वंशावळ दिलेली असून कालनिर्देश विक्रम संवत १६४६ आणि शके १५११ अशा दोन्ही गणनांनी केला आहे. इसवी सनाच्या हिशेबाने हा १५९० सालचा जानेवारी महिना होय. मशिदीत नमाजास येणाऱ्यांना या संस्कृत लेखाची गरज नव्हती आणि राजालाही ती नसावी. गरज होती ती गावातल्या पंचांग पाहणाऱ्या, शक-संवत जाणणाऱ्या वाचकाला. त्याला अरबी शिकून ये असे न सांगता त्याच्या ओळखीच्या अक्षरांत तीच वार्ता दगडावर कोरून ठेवली गेली.

या गावाला अशा तजविजीचे महत्त्व कळावे याला कारणही तसेच आहे. १६०१ साली असीरगड पडला आणि फारुकींचे राज्य मोगलांकडे गेले. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर बुऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुरते इंग्रजी अमलाखाली गेले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर ते मध्य प्रदेशात राहिले. २००३ साली स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. फारसी गेली, मोडी आली. मोडी गेली, देवनागरी आणि रोमन अक्षरे आली. सिंहासनावर कोण बसले याची चर्चा इतिहासकार करतात. कचेरीतल्या कारकुनाला मात्र प्रत्येक सत्तांतराच्या वेळी अधिक निकडीचा प्रश्न पडलेला असणार: उद्या सकाळी माझा हात कसा चालावयाचा?

हाच प्रश्न २०१२ सालच्या ऑक्टोबर महिन्यात जगातल्या कोट्यवधी मेजांपुढे एकाच वेळी येऊन उभा राहिला. त्या वेळी ना लढाई झाली ना तह. मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीने आपली विंडोज ८ नावाची नवी कार्यप्रणाली २६ ऑक्टोबर रोजी बाजारात आणली, एवढेच घडले. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा सगळा अंतर्गत कारभार पाहणारी आणि वापरणाऱ्याशी पडद्यावर व्यवहार करणारी योजना. या नव्या योजनेत पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातले एक बटण नाहीसे झाले होते. त्या लहानशा बटणावरून पुढील तीन वर्षे जो वाद माजला, त्याचा इतिहास ध्यानात घेण्याजोगा आहे.

हे बटण तेथे आले कसे, तेथूनच आरंभ करावा लागेल. १९९५ पूर्वीच्या विंडोजमध्ये एखादा प्रोग्राम कोठून सुरू करावयाचा हेच नवख्या माणसाला उमगत नसे. नवी प्रणाली तयार करताना कंपनीने सामान्य माणसांना संगणकापुढे बसवून त्यांची धांदल नीट न्याहाळली. आरंभीच्या आराखड्यात खालच्या पट्टीवर तीन निरनिराळी बटणे होती. ती पुढे एकात सामावली. त्या एका बटणाच्या नावानेही काही बोध होईना, तेव्हा त्यावर 'स्टार्ट' हा शब्द घातला गेला. तेवढ्यानेही कित्येकांचे लक्ष तिकडे जाईना, म्हणून रिकाम्या पडद्यावर सरकत येऊन त्या बटणाकडे निर्देश करणारा एक बाण योजावा लागला. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ विक्रीस आली ती या बटणासह. म्हणजे हे बटण कोणा कलावंताला सुचलेले अलंकरण नव्हते. गोंधळलेल्या माणसांच्या निरीक्षणातून, चुकत-माकत, ते तेथे येऊन बसले होते.

आपल्याकडे या बटणाला त्याहून मोठे स्थान मिळाले. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची २००१ मध्ये स्थापना झाली आणि त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणकाचे प्राथमिक शिक्षण तालुक्या-तालुक्यांत पोचविले. पुढे राज्य शासनाच्या नोकरीसाठी असे प्रमाणपत्र आवश्यक ठरले. बुऱ्हाणपूरहून निघून सीमा ओलांडली की रावेर येते; तेथपासून थेट कोकणापर्यंत ज्या लाखो विद्यार्थ्यांनी, गृहिणींनी आणि चाळिशी उलटलेल्या कारकुनांनी संगणक हाताळला, त्यांच्या पहिल्या पाठात हे बटण होते. वहीत क्रमांक घालून पायऱ्या लिहून घ्यावयाच्या, आणि पहिली पायरी म्हणजे डाव्या कोपऱ्यातले स्टार्ट बटण दाबणे. यंत्राच्या पोटातले ज्ञान या मंडळींना नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. इंग्रजी बेताचीच असणाऱ्याला पडद्यावरचे सगळे शब्द वाचता येत नसत. पण अमुक जागी बोट ठेवले की अमुक उघडते हे त्याला पाठ असे. त्याच्यापुरती ती जागा हाच शब्द होता. विंडोजला मराठीचे आवरण चढविण्याची सोय उपलब्ध होती खरी. कचेऱ्यांतून ती वापरणारे मात्र विरळाच.

मग सतरा वर्षे सुखाने नांदलेले हे बटण काढावेसे का वाटले? त्याचे कारण दुसऱ्याच एका वस्तूत होते. २७ जानेवारी २०१० रोजी ॲपल कंपनीने आयपॅड जगापुढे ठेवला. आपण जिला टॅब्लेट म्हणतो ती ही वस्तू दिसावयास शाळेतल्या पाटीसारखी. तिला वेगळा कळफलक नाही, माऊस नाही; काचेवर बोट फिरवावे आणि काम करावे. तिचा खप पाहून संगणकाच्या धंद्यातील भल्याभल्यांचे धाबे दणाणले. मेजावरचा संगणक आता म्हातारा झाला, पुढचा जमाना पाटीचा, असे भाकीत सर्वत्र होऊ लागले. आपल्या देशातही ५ ऑक्टोबर २०११ रोजी विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' नावाचा स्वस्त टॅब्लेट केंद्र सरकारने मोठ्या समारंभाने पुढे आणला होता, हे पुष्कळांना आठवत असेल.

मायक्रोसॉफ्टपुढे दोन मार्ग होते. मेजासाठी एक आणि पाटीसाठी दुसरी अशा दोन योजना कराव्या, किंवा दोहोंसाठी एकच करावी. विंडोज विभागाचे प्रमुख स्टीव्हन सिनॉफस्की यांनी दुसरा मार्ग पत्करला. जून २०११ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकारी ज्यूली लार्सन-ग्रीन यांनी नव्या रूपाचे पहिले दर्शन घडविले. सप्टेंबरात कार्यक्रम रचणाऱ्या तज्ज्ञांसाठी आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वांसाठी त्याचा नमुना खुला झाला. एका दिवसात दहा लाख लोकांनी तो उतरवून घेतला. उत्सुकता तर अमाप होती.

या निर्णयामागे निव्वळ उद्दामपणा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. कंपनीने आपली बाजू सविस्तर मांडली होती. विंडोज ७ मध्ये लोक नेहमीचे प्रोग्राम पडद्याच्या तळपट्टीवर टाचून ठेवतात आणि स्टार्टची यादी पूर्वीपेक्षा कमी वेळा उघडतात, असे संगणकांतून गोळा झालेल्या माहितीवरून तिला दिसले होते. ही माहिती देण्यास ज्यांनी संमती दिली होती त्यांचीच ती होती, आणि मोठ्या कचेऱ्यांतील यंत्रांवर ही सोय बहुधा बंदच ठेवलेली असते, असा आक्षेप टीकाकारांनी तेव्हाच घेतला. पण ती माहिती शंभर टक्के खरी धरली तरी एक गोष्ट उरतेच. घराचे मागचे दार पुढच्या दारापेक्षा कमी वेळा उघडले जाते, म्हणून कोणी ते चिणून टाकीत नाही. जी वस्तू क्वचित लागते ती शोधावयाची कोठे, हे सांगणारी जागा म्हणून त्या यादीचा उपयोग होता. किती वेळा उघडली हे मोजता आले. ती नसती तर माणूस किती वेळ चाचपडला असता हे त्या मोजणीत येणे शक्य नव्हते.

आता प्रत्यक्षात बदलले काय ते पाहू. बुऱ्हाणपूरसारख्या जिल्ह्याच्या गावी कचेरीच्या आवारात अर्ज, करारनामे आणि शपथपत्रे टंकून देणाऱ्या एखाद्या माणसाची श्रोत्यांनी कल्पना करावी. जुना संगणक बिघडला म्हणून त्याने नवा आणला आणि त्यात विंडोज ८ आहे. कळ दाबताच त्याच्यापुढे येतात त्या रंगीत चौकोनी फरश्या, ओळीने मांडलेल्या. त्यांतल्या काहींवरील मजकूर आपोआप हालतो, बदलतो. त्याच्या ओळखीचे मेज, ज्यावर त्याच्या फायली ठेवलेल्या असत, ते आता या फरश्यांपैकी एक फरशी झाले आहे. ती दाबून तो आपल्या मेजावर येतो तर कोपऱ्यात बटण नाही. काही प्रोग्राम पूर्वीप्रमाणे चौकटीत उघडतात. काही सगळा पडदा व्यापतात आणि त्यांना बंद करावयाची फुली दिसत नाही. पडद्याचा वरचा काठ पकडून तो तळापर्यंत ओढीत न्यावयाचा, म्हणजे तो प्रोग्राम मिटतो, हे त्याला कोण सांगणार? संगणक प्रथम सुरू करताना, माऊस कोणत्याही कोपऱ्यात न्या, असा एक चित्रपाठ काही क्षण दिसे. सतरा वर्षांच्या सवयीवर तेवढीच काय ती मलमपट्टी.

आणि संध्याकाळी दुकान आवरताना? संगणक बंद करावयाचा तर माऊस उजव्या कोपऱ्यात न्यावा. तेथून एक अदृश्य पट्टी बाहेर येते. तिच्यातील शेवटच्या चिन्हावर जावे. मग वीज दर्शविणारे चिन्ह शोधावे. मग बंद करण्याची आज्ञा द्यावी. पुष्कळांनी हा नाद सोडून सरळ यंत्रावरचे मुख्य बटणच दाबावयास सुरुवात केली. सेटिंग्ज बदलण्याच्या जागा दोन झाल्या, एक नव्या थाटाची आणि एक जुनी. इंटरनेट पाहण्याचा एकाच नावाचा प्रोग्राम दोन रूपांत आला, आणि एकात उघडलेले पान दुसऱ्यात दिसेना. बोटाने काच सरकविणाऱ्याला यातल्या पुष्कळ गोष्टी सुलभ होत्या. काठावरून अंगठा आत ओढला की पट्टी येते, ही युक्ती पाटीवर गोड वाटते. पण त्या काळी विकल्या जाणाऱ्या बहुतेक संगणकांच्या पडद्यांना स्पर्श कळतच नव्हता.

प्रतिक्रिया उमटली ती तऱ्हेतऱ्हेची. संगणकाचे जाणकार संतापले. त्यांतील कित्येकांनी महिन्या-दोन महिन्यांत वाटा शोधून काढल्या आणि रागावून का होईना, काम चालू ठेवले. खेळांच्या व्यापारात मोठे नाव असलेल्या गेब न्यूएल यांनी जुलै २०१२ मध्येच ही प्रणाली संगणक-व्यवसायावरची आपत्ती ठरेल असे बजाविले. अर्थात त्यांची स्वतःची खेळ विकणारी पेढी होती आणि विंडोज ८ मध्ये कंपनीने आपले स्वतःचे दुकान थाटले होते, हेही विसरून चालणार नाही. दुसऱ्या गटाने तक्रारीत वेळ न घालविता बटण परत बसवून घेतले. क्लासिक शेल नावाचा एक विनामूल्य प्रोग्राम आणि स्टारडॉक कंपनीचा अल्प किमतीचा स्टार्ट८ यांचा यासाठी सर्वत्र उपयोग होऊ लागला. विक्रीस आलेल्या नव्या कोऱ्या वस्तूत पहिल्याच दिवशी जुना अवयव जोडून घ्यावा लागावा, हा प्रकार मोठा बोलका होता.

तिसरा गट सर्वांत मोठा आणि सर्वांत मूक. त्याने काहीच लिहिले नाही, काहीच बसविले नाही. त्याने नवा संगणक घेणेच लांबविले, नाही तर दुकानदाराला सांगून त्यात विंडोज ७ घालून घेतली. एप्रिल २०१३ मध्ये आयडीसी या पाहणी करणाऱ्या संस्थेने जाहीर केले की वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जगभरची संगणकांची रवानगी आदल्या वर्षाच्या मानाने १३.९ टक्क्यांनी घटली. आणि विंडोज ८ ने बाजार सावरला तर नाहीच, उलट त्याची गती मंदावली असावी, असा अभिप्रायही दिला. सगळा दोष बटणाच्या माथी मारणे बरोबर नाही. लोक पाट्यांकडे आणि मोबाईलकडे वळत होतेच. पण ज्या लाटेवर स्वार होण्यासाठी हा खटाटोप केला, तीही हाती लागली नाही. कंपनीच्या स्वतःच्या सरफेस आरटी या पाट्या पडून राहिल्या आणि जुलै २०१३ मध्ये तिने त्यांपायी ९० कोटी डॉलरचा तोटा हिशेबात दाखविला.

वापरातील अडचणींचा अभ्यास करण्यात आयुष्य घालविलेले डेन्मार्कचे जेकब नील्सन यांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये बारा अनुभवी संगणक-वापरकर्त्यांना या प्रणालीपुढे बसवून पाहिले. बारा ही संख्या थोडी खरी. पण अशा निरीक्षणात चुका मोजण्यापेक्षा त्या कशा घडतात हे पाहावयाचे असते. एकाच यंत्रात दोन निराळ्या जगांमध्ये ये-जा करावी लागल्याने माणसाच्या स्मरणशक्तीवर ताण पडतो, आणि सपाट रंगांच्या चित्रांत कोणते दाबता येते व कोणते नुसते शोभेचे, हे कळत नाही, असे त्यांना आढळले. नवखा आणि निष्णात अशा दोघांचीही निराशा, हा त्यांचा निष्कर्ष. पाटीवरही ही मांडणी त्यांना दुबळीच वाटली, पण तेथे ती पुढे सुधारेल, असे मानण्यास ते तयार होते.

याच सुमारास दुसऱ्या आळीतही असेच भांडण चालले होते, त्याचा ओझरता उल्लेख करावयास हवा. विनामूल्य लिनक्स वापरणाऱ्यांच्या जगात २०११ साली ग्नोम ३ आणि उबुंटूचे युनिटी अशी दोन नवी रूपे आली, आणि लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनीच ग्नोम ३ वर जाहीर नापसंती व्यक्त केली. तेथे एक सोय होती: ज्यांना जुने हवे होते त्यांनी जुन्या ग्नोमची प्रत घेऊन माटे या नावाने तिचा संसार पुढे चालविला. विंडोजच्या ग्राहकाला तसा अधिकार नव्हता. त्याचे घर भाड्याचे होते.

विंडोज ८ चे चांगले गुणही सांगितले पाहिजेत. ती पूर्वीच्या प्रणालीपेक्षा लवकर सुरू होई. जुने प्रोग्राम तिच्यावर बहुतांशी चालत. १५ जुलै २०१० रोजी भारत सरकारने स्वीकारलेले रुपयाचे चिन्ह तिच्यात मूळचेच होते. विंडोज ७ ला त्यासाठी वेगळी भर घालावी लागे. ज्या मुलांनी संगणक पूर्वी पाहिलाच नव्हता त्यांना फरश्यांचे काही वावडे वाटले नाही. त्यामुळे तक्रार करणारे ते केवळ सवयीचे गुलाम, शिकण्याचा आळस करणारे, अशी संभावना पुष्कळांनी केली. ही संभावना आजही ऐकू येते, आणि तिचा विचार करण्यासाठी बुऱ्हाणपूरच्या कचेरीत, पण दोन शतके मागे जावे लागेल.

पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या अमलात तेथील मराठी दप्तर लिहिले जाई ते मोडीत. मोडी ही घाईत असलेल्या हाताची लिपी. कागदावर आधी आडवी रेघ मारून घ्यावयाची आणि बोरू शक्य तो न उचलता अक्षरामागून अक्षर तिला टांगीत जावयाचे. ऱ्हस्व-दीर्घाची कटकट तिने ठेवली नाही. लिहिणाऱ्याचा वेळ वाचावा एवढ्याचसाठी तिचे प्रत्येक वळण घडले होते. मग छापखाना आला. श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले ते देवनागरी ठशांनी. १८१० च्या कोशासाठी मोडीचे ठसेही पाडले गेले. म्हणजे प्रयत्न झालाच नाही असे नाही. परंतु एकमेकांत मिसळणारी, वळणावळणाने रूप बदलणारी अक्षरे सुटी सुटी पाडून खिळ्यांत बसविणे हे त्या लिपीच्या स्वभावाविरुद्ध होते. सुट्या, ठसठशीत अक्षरांची बाळबोध छापखान्याच्या सोयीची होती, मुलांना शिकविण्यासही सोयीची होती, आणि तिचाच जय झाला. १९१७ मध्ये मुंबई इलाख्याने कारभारासाठी बाळबोध स्वीकारण्याचे ठरविले. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतूनही मोडी गेली.

नव्या यंत्राला सोयीची मांडणी जुन्या हाताची मांडणी हटविते, हे विंडोज ८ चेच पूर्वचरित्र म्हणावे लागेल. फरक काळाचा आहे. मोडी आणि बाळबोध शंभराहून अधिक वर्षे शेजारी शेजारी नांदल्या. छापील पुस्तक बाळबोधीत वाचणारा गृहस्थ घरचा जमाखर्च मोडीत लिही. एका पिढीच्या हाताला दुसरे वळण लावण्याची सक्ती कोणी एका ऑक्टोबर महिन्यात केली नाही. आणि तरीही त्या स्थित्यंतराची किंमत केवढी पडली! २०२३ साली महाराष्ट्र शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमून जुन्या दप्तरांत कुणबी नोंदींचा शोध आरंभिला, तेव्हा गठ्ठ्यामागून गठ्ठे मोडीचे निघाले आणि ते वाचणारी माणसे जिल्ह्याजिल्ह्यांतून शोधावी लागली. पणजोबांनी सहज लिहिलेली ओळ पणतवाला परकी झाली होती, आणि तिच्यावर त्याचा दाखला अवलंबून होता. हाताची सवय ही क्षुल्लक वस्तू आहे असे म्हणणाऱ्याने ते गठ्ठे एकदा उलगडून पाहावेत. कचेरीबाहेरच्या त्या टंकलेखकाची सवय म्हणजे त्याचे भांडवल होते. तासाला किती कागद निघतात यावर त्याची चूल पेटत होती. नव्या रचनेने त्याचे जे दिवस खाल्ले ते कोणाच्याच तोट्याच्या खात्यात लिहिले गेले नाहीत.

माघार सुरू झाली ती मोठ्या कष्टाने. विंडोज ८ बाजारात येऊन तीन आठवडे होतात न होतात तोच, १२ नोव्हेंबर २०१२ रोजी, सिनॉफस्की कंपनी सोडीत असल्याचे जाहीर झाले. दहा कोटी परवाने विकले गेल्याचे मे २०१३ मध्ये सांगताना, लोकांना शिकावयास जड जात आहे हेही कंपनीने कबूल केले. त्यावर लंडनच्या 'फायनान्शियल टाइम्स'ने १९८५ सालच्या कोका-कोलाची आठवण काढली. त्या वर्षी एप्रिलमध्ये त्या पेयाची चव बदलली होती आणि लोकक्षोभामुळे जुलैत जुनी चव परत आणावी लागली होती.

१७ ऑक्टोबर २०१३ रोजी विंडोज ८.१ आली आणि तिच्यासोबत बटणही परतले. लोकांनी आनंदाने ते दाबले, तो पुढे त्याच फरश्या! यादी आलीच नव्हती. नुसते बटण आले होते. ही थट्टा पहिल्या प्रमादाहून अधिक झोंबली असे तेव्हाच्या चर्चांवरून वाटते. मात्र संगणक सुरू होताच थेट जुन्या मेजावर जाण्याची मुभा या वेळी मिळाली. ८ एप्रिल २०१४ रोजी आणखी एक सुधारणा आली. स्पर्श न कळणारे संगणक आता आपण होऊन मेजावरच उघडू लागले आणि फरश्यांच्या पानावर बंद करण्याचे चिन्ह उघड दिसू लागले. नेमक्या त्याच दिवशी विंडोज एक्सपी या २००१ सालच्या जुन्या प्रणालीचा सांभाळ कंपनीने थांबविला. आपल्या देशातील बँका, एटीएम यंत्रे आणि सरकारी कचेऱ्या मोठ्या प्रमाणात एक्सपीवर चालत होत्या. त्यांना उठून कोठे तरी जाणे भाग होते, आणि बहुतेकांनी विंडोज ८ ला वळसा घालून विंडोज ७ गाठली.

फेब्रुवारी २०१४ मध्ये हैदराबादचे सत्या नडेला कंपनीचे प्रमुख झाले. ३० सप्टेंबर २०१४ रोजी पुढच्या प्रणालीची घोषणा झाली, तिचे नाव नऊ हा आकडा गाळून विंडोज १० असे ठेवण्यात आले, आणि २९ जुलै २०१५ रोजी ती लोकांच्या हाती पडली. बटण दाबताच डाव्या बाजूस जुनी यादी उघडे आणि तिला लागूनच उजवीकडे काही फरश्या दिसत. पाटीसाठी निराळी मांडणी होती, ती मेजावर बसणाऱ्याच्या वाटेस जात नसे. या वेळी तयार होत असतानाच लाखो स्वयंसेवकांना ती वापरावयास देऊन त्यांच्या तक्रारी ऐकून घेतल्या होत्या. विंडोज ८ चा सांभाळ १२ जानेवारी २०१६ ला आणि ८.१ चा १० जानेवारी २०२३ ला संपला. तिचा वापर कधीही विंडोज ७ च्या पुढे जाऊ शकला नाही.

मध्य प्रदेशातील सरकारी नोकरीच्या उमेदवारांना आज सीपीसीटी नावाची संगणक-परीक्षा द्यावी लागते. तिच्यात हिंदी टंकलेखनाची कसोटी असते, आणि देवनागरीचे दोन कळफलक मान्य आहेत. एक रेमिंग्टन पद्धतीचा, म्हणजे जुन्या लोखंडी टंकयंत्रावर ज्यांचे हात बसले त्यांच्या वळणाचा. दुसरा भारत सरकारने १९८० नंतरच्या दशकात प्रमाणित केलेला इन्स्क्रिप्ट, अक्षरांच्या वर्गवारीप्रमाणे मांडलेला आणि नव्याने शिकणाऱ्याला सोपा. उमेदवाराने आपल्या हाताला जो ठाऊक असेल तो निवडावा. बुऱ्हाणपूरच्या मुलामुलींना ही निवड आहे. ज्याच्या वडिलांनी रेमिंग्टनवर पोट भरले आणि घरीच बोटे बसवून दिली, त्याला ती नव्याने बसवावी लागत नाहीत.

५ ऑक्टोबर २०२१ रोजी विंडोज ११ आली. तिच्यात स्टार्ट बटण आहे. ते डाव्या कोपऱ्यातून उठून तळपट्टीच्या मध्यभागी जाऊन बसले आहे. पुन्हा कुरकुर झाली. पण या खेपेस ते उचलून डावीकडे नेण्याची सोय पहिल्या दिवसापासून ठेवलेली होती, आणि नवा संगणक घरी आला की पुष्कळ लोक दुसरे काही करण्यापूर्वी तेवढे करून घेतात.